उलट्या पावलांचं शिक्षण

मंडळी, अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे, हे तिकडे नातवंडं असलेल्यांना ठाऊक आहेच. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, नाहीतर तो पुढे फेकायचा. फेकणारा क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर बचावाच्या अगदी मागच्या फळीत जे उभे असतात ते सेफ्टी. त्यांच्यामागे कोणीच नसतं.

बचाव करताना एकेक गडी वाटून घेऊन त्याच्या पाठी पळता येतं, किंवा मैदानाचा तुकडा वाटून घेता येतो. या दुसऱ्या प्रकाराला तिकडे झोन म्हणतात. आपला 'क्षेत्ररक्षण' हा शब्द क्रिकेटपेक्षा इथेच जास्त चपखल बसतो! मैदान सुमारे ५३ यार्ड रुंद. दोन सेफ्टींनी मागची बाजू निम्मी निम्मी घ्यायची.

१९७० च्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बड कार्सन यांनी ही पद्धत चांगली घोटवली. १९७८ मध्ये नियम बदलला. चेंडू झेलायला पळणाऱ्याला पाच यार्डांपुढे धक्का देता येईना आणि फेकणाऱ्यांचे दिवस आले. त्याच वर्षी स्टीलर्सच्या टोनी डंजी या सेफ्टीने प्रतिस्पर्ध्यांचे सहा चेंडू मधल्यामध्ये झेलले. कॉलेजात हा क्वार्टरबॅक होता, म्हणजे फेकणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते त्याला आतून माहीत. आई इंग्रजीची शिक्षिका, वडील प्राध्यापक. (शिक्षकाचा मुलगा म्हटल्यावर माझी आपुलकी वाढली, हे सांगायला नकोच.)

पुढे ते प्रशिक्षक झाले. सेफ्टीला शिकवायचं ते ऐकायला अगदी सोपं. खेळ सुरू होताच उलट्या पावली मागे सरक. नजर क्वार्टरबॅकवर ठेव. सगळ्यात खोल गेलेला गडी तुझ्या मागे जाता कामा नये. तुझ्या हद्दीत दोघे आले तर दोघांच्या मध्ये राहा, पण कल खोल असलेल्याकडे ठेव. चेंडू सुटतोय असं दिसलं की मगच झेप. कठीण एवढंच, की पोराचा स्वभाव चेंडूकडे धावायचा. क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हातात दिल्याची हुलकावणी देतो, सेफ्टी दोन पावलं पुढे येतो आणि मागे रान मोकळं! ही दोन पावलं थोपवायला वर्षं लागतात.

१९९६ मध्ये डंजी टँपा बे संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. माँटी किफिन यांच्यासह त्यांनी तिथे हाच बचाव उभा केला. त्याचं श्रेय ते जुन्या स्टीलर्सनाच देत. अंतिम विजय काही मिळेना, म्हणून जानेवारी २००२ मध्ये त्यांना काढून टाकलं. आणि २६ जानेवारी २००३ ला, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, टँपाने ओकलंडला ४८-२१ असं हरवून सुपर बोल जिंकला. पाच चेंडू मधल्यामध्ये झेलले, त्यातले दोन डेक्स्टर जॅक्सन या सेफ्टीने. सामनावीरही तोच. आठवी-नववीला पाया घालणाऱ्या मास्तरांना दहावीच्या निकालाच्या दिवशी जे वाटतं ते त्यांना वाटलं असेल का, कोण जाणे.

असो. डंजी इंडियानापोलिसला गेले आणि ४ फेब्रुवारी २००७ ला सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. समोर होता शिकागोचा संघ. त्याचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ, टँपात डंजींच्याच हाताखाली तयार झालेले.