ब्लश
गालांना नैसर्गिक लालीचा आभास देणारे सौंदर्यप्रसाधन. पावडरीच्या ब्लशमध्ये शंखजिरे व अभ्रक यांच्या भुकटीत लोहाच्या ऑक्साइडांसारखी रंगद्रव्ये मिसळलेली असतात, तर क्रीमच्या प्रकारात तेले व मेणे असतात. हसताना गालाचा जो भाग वर उचलला जातो तेथून कानशिलाकडे, ब्रशवरची जादा पावडर झटकून, हलक्या हाताने रंग फिरवावा आणि कडा पुसट कराव्यात, म्हणजे रंगाची सीमारेषा दिसू न देता तो त्वचेत मिसळावा. लाली खरी वाटणे बव्हंशी यावरच अवलंबून असते. सावळ्या वर्णावर पांढुरक्या गुलाबी छटा राखट दिसतात, म्हणून विटकरी किंवा जांभळट छटा अधिक खुलतात. क्रीमचा ब्लश चेहऱ्याला पावडर लावण्यापूर्वीच लावावा, अन्यथा डाग पडतात.