पोटखराबाच्या रकान्यातले पाणी

सुरतच्या गोडादऱ्यात प्लॉट घेताना आपली माणसे दस्तावेज पाहतात, वेरा बिल पाहतात, समोरचा रस्ता किती फुटी ते विचारतात. जुना सातबारा क्वचितच कुणी मागते. जळगाव-धुळ्याकडून आलेल्या माणसाला खरे तर सातबारा शिकवावा लागत नाही. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते, त्यामुळे इथला उताराही त्याच घराण्यातला.

त्या उताऱ्यात पोटखराबाची नोंद असते. तिचे मूळ गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसवलेल्या मोजणीपर्यंत जाते. जिथे पीक येत नाही तेवढे क्षेत्र वजा करून शेतसारा ठरायचा. नाला, ओहोळ, तळ्याची कड हे सगळे त्या वजाबाकीत. हिशेब साऱ्याचा होता, पण त्यापायी कुठल्या शेतातून पाणी जाते याची नोंद झाली. पाण्याची एवढी बारीक नोंद पुढच्या कुठल्याच कायद्याने केली नाही, असे माझे मत आहे.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने त्यावर हक्काची मोहोर उठवली. कलम ३७ प्रमाणे, दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध नसेल तर नदी, नाले, तळी आणि त्यांतले पाणी सरकारचे. कलम ६५ प्रमाणे शेतजमीन बिनखेती करायची तर कलेक्टरची परवानगी हवी. महाराष्ट्राने १९६६ मध्ये स्वतःची संहिता केली. गुजरातेत १८७९ चीच, दुरुस्त्यांसह, चालू आहे.

नोंदीचा हा धागा विरला तो नगररचनेत. मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा, गुजरातचा आजचा १९७६ चा. नगररचना (टीपी) योजनेत सर्व्हे नंबर एकत्र करतात, रस्त्यांना जमीन काढतात आणि उरलेल्याचे चौकोनी फायनल प्लॉट पाडतात. वाकडातिकडा ओहोळ कुणाच्या चौकोनात आला, हे नव्या नंबरावरून कळत नाही. २००६ मध्ये सुरत महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली. शेते भराभर सोसायट्या झाली आणि मिठी खाडीकडे उतरणाऱ्या पाण्याची वाट अरुंद झाली. जून २०२५ मध्ये खाडीपुराने लिंबायत-पर्वत पाटिया भागात घरांत पाणी शिरले. तळमजल्यावर भरतकामाची मशीन असलेल्या कुटुंबाची अशा वेळी वर्षाची कमाई जाते.

पाणथळ जागा जपण्याचे नियम वेगळे आहेतच. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ मध्ये आला. केंद्राचे पाणथळ नियम २०१० मध्ये निघाले, २०१७ मध्ये बदलले. अधिसूचित पाणथळीत भराव नाही, पूररेषेपासून ५० मीटरांत पक्के बांधकाम नाही. पण नदीपात्र, भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेली तळी त्यांतून वगळली आहेत. म्हणून खाडीकाठच्या प्लॉटवाल्याने फक्त तेवढेच नियम चाळून निर्धास्त होऊ नये. त्याला लागू पडते ती गुजरातची विकास नियमावली: कांस, नाला, तलाव यांच्या काठापासून ९ मीटरांत भरावसुद्धा करता येत नाही. सखल जमिनीत काठ न दिसणारा ओहोळ असेल, तर तो कुठून न्यायचा हे परवानगी देणारी कचेरी ठरवते, मालक नव्हे. भरावाचा पहिला डंपर बोलावण्याआधी डीआयएलआर (जिल्हा भूमी अभिलेख) कचेरीतून मूळ सर्व्हे नंबरचा मापणी नकाशा काढावा आणि तो टीपीच्या नकाशावर ठेवून पाहावा.