बंद दारामागच्या सेवेची पारख : इंग्लंडमधील गृहसेवेच्या मूल्यमापनाचा इतिहास

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने घरपोच मदत देण्याची तरतूद कायद्यात आली १९१८ मध्ये. त्या मदतीचा दर्जा तपासणारा कायदा झाला २००० मध्ये. मधल्या ऐंशीहून अधिक वर्षांत सेवा वाढली, तिचे स्वरूप पालटले, पण ती चांगली की वाईट हे ठरवणारी यंत्रणा उभी राहिली नाही. याचे कारण कामाच्या ठिकाणातच आहे. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात एखाद्याला अंघोळ घातली, जेवू घातले, औषध दिले, तर ते चार जणांच्या देखत होते. घरी हेच काम दोघांतच होते. तिसरा साक्षीदार नसतो. म्हणून प्रत्येक पिढीने या सेवेत बाहेरून मोजता येईल तेवढेच आधी मोजले: माणसे, तास, पैसे, कागदपत्रे. ज्याच्यासाठी हे सारे चालते त्याचे दिवस कसे जातात, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला.

बाळंतिणींपासून वृद्धांपर्यंत

१९१८ च्या माता व बालकल्याण कायद्याने स्थानिक कौन्सिलांना बाळंतिणीच्या घरी मदतनीस पाठवण्याची मुभा दिली. स्वयंपाक, धुणे आणि मोठ्या मुलांकडे लक्ष देणे, एवढाच तिचा आवाका होता. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर आणि स्त्रिया कारखान्यांत गेल्या, तेव्हा घरी एकटे पडलेले म्हातारे आणि आजारी लोक हा मोठाच प्रश्न झाला. १९४४ च्या अखेरीस युद्धकालीन नियमांखाली ही मदत त्यांनाही देण्याची परवानगी मिळाली. पुढे १९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याच्या २९ व्या कलमाने तिला कायमचे स्थान दिले आणि ५ जुलै १९४८ पासून त्याचा अंमल सुरू झाला. मात्र कलमाची भाषा ‘देता येईल’ अशी होती, ‘द्यावीच लागेल’ अशी नव्हती. त्यामुळे एखाद्या गावी भरपूर मदत, तर शेजारच्या गावी जवळजवळ काहीच नाही, अशी स्थिती बराच काळ राहिली.

त्या काळच्या मदतनिसेचा दिवस घरकामात जाई. दगडी कोळशाच्या शेगडीतली राख काढून ती पुन्हा पेटवायची, फरशी पुसायची, बाजारहाट करायचा, पोस्टातून पेन्शन आणून द्यायची. मदतनिसा बहुधा त्याच वस्तीतल्या, अर्धवेळ काम करणाऱ्या विवाहित स्त्रिया असत. त्यांच्यावर कौन्सिलची एक संघटक असे. कोणत्या घरी आठवड्याला किती तास द्यायचे हे तीच ठरवी आणि अधूनमधून घरी जाऊन विचारपूस करी. दर्जाची तपासणी म्हणजे या संघटकेची नजर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कानावर घातलेल्या गोष्टी. कागदावर येत ते आकडे वेगळे: किती घरांत मदत गेली, किती तास झाले, किती खर्च आला.

पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाचे ‘द लास्ट रिफ्यूज’ हे वृद्धाश्रमांचे सर्वेक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या गरीबगृहांच्या (वर्कहाउस) इमारतींतले वृद्धांचे जिणे त्याने उघड केले आणि माणसाला शक्यतो स्वतःच्या घरीच आधार मिळावा या मताला बळ आले. १९६८ च्या आरोग्य सेवा व सार्वजनिक आरोग्य कायद्याने घरपोच मदत देणे हे कौन्सिलांचे कर्तव्य ठरवले आणि १९७१ पासून ते अमलात आले. लगेचच, १९७२ मध्ये, केंद्र सरकारने ६५ वर्षांवरील दर हजार लोकांमागे १२ पूर्णवेळ मदतनिसा असाव्यात असे उद्दिष्ट घालून दिले. या आकड्याने कौन्सिलांची आपसात तुलना करता येऊ लागली. पण त्या बारा जणी घरात शिरल्यावर काय करतात, याबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

मिनिटांचा हिशेब

१९८० च्या दशकात खासगी वृद्धाश्रमात राहणाऱ्या गरजूंचा खर्च सामाजिक सुरक्षेच्या निधीतून भागत असे. घरी राहणाऱ्याला मात्र कौन्सिलच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकाकडे पाहावे लागे. परिणामी घरी राहू शकणारी माणसेही आश्रमात जाऊ लागली. लेखापरीक्षण आयोगाने १९८६ मध्ये या उफराट्या व्यवस्थेवर बोट ठेवले. सेन्सबरीज या किराणा साखळीचे संचालक सर रॉय ग्रिफिथ्स यांनी १९८८ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात जबाबदारी आणि पैसा दोन्ही कौन्सिलांकडे द्यावेत, पण सेवा कौन्सिलांनी स्वतःच द्यावी असा आग्रह धरू नये, असे सुचवले. त्यातून १९९० चा कायदा झाला आणि एप्रिल १९९३ पासून तो पूर्णपणे लागू झाला. सामाजिक सुरक्षेच्या निधीतून कौन्सिलांकडे वळवलेल्या रकमेपैकी ८५ टक्के रक्कम कौन्सिलबाहेरच्या संस्थांकडून सेवा घेण्यासाठीच खर्च करावी, अशी अट होती.

सरकारी खर्चाने होणाऱ्या गृहसेवेत खासगी आणि स्वयंसेवी संस्थांचा वाटा १९९० च्या दशकाच्या आरंभी नगण्य होता. शतक संपताना तो निम्म्यावर गेला. कामही बदलले. केरवारे आणि बाजारहाट मागे पडले. थोड्या घरांना जास्त तास, आणि तेही अंघोळ, शौच, कपडे, औषधे अशा शरीराच्या गरजांसाठी, असे धोरण आले. पूर्वी चूक झाली तर फरशी मळकी राहायची. आता चूक झाली तर माणूस पडायचा, पाठीला व्रण व्हायचे किंवा चुकीचे औषध पोटात जायचे. म्हणजे दर्जा तपासण्याची निकड वाढली होती. नेमक्या त्याच वेळी काम करणारी बाई कौन्सिलच्या नोकरीतून निघून कंत्राटदाराकडे गेली, आणि संघटकेची जुनी नजर तिच्यापर्यंत पोहोचेनाशी झाली.

त्या नजरेच्या जागी कंत्राट आले. किती मिनिटांची भेट आणि तिला किती दर, हे त्यात लिहिलेले असे. भेट खरोखर झाली का हे पाहण्यासाठी दूरध्वनीची युक्ती निघाली: सेविकेने घरात शिरताच त्या घरच्याच फोनवरून ठरावीक मोफत क्रमांक लावायचा आणि निघताना पुन्हा लावायचा. मधला वेळ संगणक टिपून घेई आणि त्यावर बिल निघे. ती आली आणि गेली याचा पुरावा मिळाला. मधल्या वेळात काय घडले ते गुलदस्त्यातच राहिले.

कायद्याची नजर

१९८४ च्या कायद्यानुसार वृद्धाश्रम आणि शुश्रूषागृहे यांची नोंदणी व तपासणी सक्तीची होती; गृहसेवा मात्र मोकळीच राहिली होती. परक्याच्या घरात शिरून त्याच्या शरीराला हात लावणाऱ्या व्यवसायावर कोणाचेही नियमन नव्हते. १९९८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने ही त्रुटी भरून काढण्याचे ठरवले आणि २००० च्या काळजी दर्जा कायद्याने गृहसेवा देणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक केली. एप्रिल २००२ मध्ये राष्ट्रीय काळजी दर्जा आयोग कामाला लागला आणि २००३ मध्ये गृहसेवेसाठी राष्ट्रीय किमान निकष आले. सेवा सुरू होण्यापूर्वी गरजांची पाहणी, लेखी काळजी योजना, औषधांचे नियम, पैशांचे व्यवहार, सेविकांची पूर्वचौकशी आणि प्रशिक्षण अशा बाबी त्यांत होत्या.

अवेडिस डोनाबेडियन या अमेरिकी अभ्यासकाने १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहण्याची पद्धत मांडली होती: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे माणसे आणि साधने, प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष काम, आणि परिणाम म्हणजे त्या कामाने माणसाला काय लाभले. या कसोटीवर २००३ चे निकष मुख्यतः रचना पाहत होते. निरीक्षक संस्थेच्या कार्यालयात जाई, फायली चाळी, भरतीचे आणि प्रशिक्षणाचे कागद तपासी. त्याने अनेक बेजबाबदार संस्थांना चाप बसला आणि सेविकांच्या शिक्षणाचा विषय प्रथमच गांभीर्याने घेतला गेला, हे या निकषांचे मोठे काम. परंतु फाइल नीटनेटकी असलेली संस्था घरातही नीट वागते, असे त्यातून सिद्ध होत नव्हते.

२००४ मध्ये ही जबाबदारी सामाजिक काळजी निरीक्षण आयोगाकडे गेली. त्याने २००८ मध्ये संस्थांना शून्य ते तीन तारे देण्यास सुरुवात केली. २००९ मध्ये आरोग्य आणि सामाजिक काळजी दोन्हींसाठी केअर क्वालिटी कमिशन हा एकच आयोग आला आणि २०१० मध्ये तारे बंद झाले. कुटुंबांना हाताशी असलेली तुलनेची सोपी खूण त्यामुळे चार वर्षे नाहीशी झाली.

पंधरा मिनिटांची भेट

नोव्हेंबर २०११ मध्ये समानता व मानवाधिकार आयोगाचा वृद्धांच्या गृहसेवेवरील चौकशी अहवाल आला. बऱ्याच लोकांनी समाधान सांगितले होते, पण त्याबरोबरच मदत न मिळाल्याने उपाशी राहिलेल्या, ओल्या कपड्यांत पडून राहिलेल्या, इतरांसमोर उघडे केले गेलेल्या माणसांच्या हकिकतीही त्यात होत्या. अनेकांनी तक्रार केलीच नव्हती: येणाऱ्या बाईला त्रास होईल, किंवा आहे ती मदतही बंद होईल, ही भीती. अहवालाने कायद्यातली एक फटही दाखवली. कौन्सिलच्या पैशाने खासगी संस्था घरी सेवा देत असेल, तर त्या संस्थेवर मानवाधिकार कायदा थेट लागू होतो की नाही, हे स्पष्ट नव्हते. २०१४ च्या केअर ॲक्टच्या ७३ व्या कलमाने ही फट बुजवली. फेब्रुवारी २०१३ मध्ये केअर क्वालिटी कमिशनने २५० गृहसेवा संस्थांच्या विशेष तपासणीचे निष्कर्ष दिले. त्यांपैकी ७४ टक्के संस्था पाहिलेले पाचही निकष पूर्ण करत होत्या. उशिरा येणाऱ्या किंवा चुकलेल्या भेटी आणि सतत बदलणाऱ्या सेविका हे मुख्य दोष ठरले.

या सगळ्या चर्चेच्या केंद्रस्थानी पंधरा मिनिटांची भेट आली. सकाळी सेविका दार उघडून आत येते, म्हातारीला उठवून बसवते, शौचालयात नेते, अंग पुसते, कपडे बदलते, चहा आणि टोस्ट समोर ठेवते, गोळ्या देते, आणि घरात ठेवलेल्या वहीत वेळ व काम लिहून पुढच्या घरी धावते. सांधे धरलेल्या माणसाला नुसते उठून बसायलाच पाच मिनिटे लागतात. मग एक तर अंघोळ टळते किंवा न्याहारी. बोलणे तर टळतेच. वहीत मात्र सगळ्या कामांपुढे खूण होते. राष्ट्रीय आरोग्य व काळजी उत्कृष्टता संस्थेने (नाइस) सप्टेंबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेत भेट साधारणपणे अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी, असे सांगितले. त्याहून छोटी भेट द्यायचीच तर सेविका ओळखीची हवी, काम एखादेच आणि ठरलेले हवे, आणि ती भेट मोठ्या योजनेचा भाग हवी. वेळ हाच दर्जाचा पाया आहे, हे यातून अधिकृतपणे मान्य झाले.

पाच प्रश्न

ऑक्टोबर २०१४ पासून केअर क्वालिटी कमिशनने नवी पद्धत आणली. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वळते का आणि तिचे नेतृत्व चांगले आहे का, हे पाच प्रश्न. उत्तरांवरून चार श्रेणी: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा आवश्यक, अपुरी. ही श्रेणी कार्यालयात आणि संकेतस्थळावर ठळक दाखवणे एप्रिल २०१५ पासून सक्तीचे झाले. गृहसेवेच्या तपासणीची पूर्वसूचना सहसा ४८ तास आधी दिली जाई, कारण अचानक गेल्यास कार्यालय बंद सापडण्याची शक्यता असे. फायलींबरोबर निरीक्षक आता सेवा घेणाऱ्यांना फोन करत, प्रश्नावल्या पाठवत आणि ज्यांची संमती असेल त्यांच्या घरी जाऊन भेटत. संमतीविना घरात पाऊल टाकता येत नाही. घर हे अखेर त्या माणसाचे आहे.

परिणाम मोजण्याचे काम समांतरपणे केंट विद्यापीठात झाले. तेथील अभ्यासकांनी प्रौढांच्या सामाजिक काळजीचे परिणाम मोजणारे ‘ॲस्कॉट’ हे साधन घडवले. त्यात आठ बाबी आहेत: रोजच्या जगण्यावरचा ताबा, अंगाची स्वच्छता, खाणेपिणे, सुरक्षितता, लोकांत मिसळणे, वेळ कसा जातो, घराची स्थिती आणि प्रतिष्ठा. ही मदत नसती तर यांतले काय उरले असते, हेही त्यात विचारले जाते. म्हणजे सेवेचे श्रेय नेमके कळते. प्रतिष्ठेचा प्रश्न तर मदत कशी दिली जाते आणि त्यामुळे माणसाला स्वतःबद्दल काय वाटते, याविषयीच आहे. २०१०–११ पासून दरवर्षी होणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या साधनावर आधारित प्रश्न आहेत. ‘तुम्ही समाधानी आहात का’ या एका प्रश्नावर विसंबणे का धोक्याचे, हेही यामुळे लक्षात येते. परावलंबी माणूस कृतज्ञतेपोटी ‘हो’ म्हणतो. ‘तुम्हाला हवे तेव्हा अंथरुणातून उठता येते का’ या प्रश्नाला मात्र तो खरे उत्तर देतो.

अलीकडची वर्षे

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे नेहमीच्या तपासण्या थांबल्या आणि नंतर पूर्वीचा वेग आला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये काळजीसेवकांसाठी परदेशी भरती खुली झाली. भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे येथून हजारो लोक या कामासाठी आले. मार्च २०२४ पासून त्यांना बोलावणाऱ्या संस्थेची केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी असणे आवश्यक ठरले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, परदेशातून नवी भरती बंद झाली. कौन्सिल आपली जबाबदारी कशी पार पाडते याचीही तपासणी २०२२ च्या कायद्याने आयोगाकडे सोपवली. २०२३ च्या अखेरीस आयोगाने एकच नवी मूल्यमापन चौकट लागू केली. पण २०२४ मधील डॉ. पेनी डॅश यांच्या स्वतंत्र परीक्षणात तपासण्यांची घटलेली संख्या, जुन्या झालेल्या श्रेणी आणि निरीक्षकांच्या अनुभवाची उणीव यांवर कडक टीका झाली. चार वर्षांपूर्वीची श्रेणी आजच्या सेविकेबद्दल फारसे सांगू शकत नाही.

शंभर वर्षांत इंग्लंडमध्ये मोजमापाचा कल संख्येकडून खर्चाकडे, तिथून कागदाकडे आणि शेवटी माणसाच्या रोजच्या जगण्याकडे सरकत गेला. नव्या मोजमापाने जुने रद्द झाले नाही: तास पुरेसे नसतील तर आपुलकी शक्य नाही, आणि नोंदणी नसेल तर दोषी संस्थेला जाब विचारता येत नाही. तरी सेवा चांगली की नाही याचा अंतिम निवाडा देण्याचा अधिकार ती घेणाऱ्याचाच आहे. त्याला न घाबरता बोलता यावे, अशी व्यवस्था करणे हेच गृहसेवेच्या मूल्यमापनाचे सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक काम ठरले आहे.