बिलातल्या खालच्या ओळीची कुळकथा

वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना व्यवहार सगळा तोंडावर होतो. “मासी, मेथी केम आपी?” असे विचारले की जुडीचा भाव कळतो. घासाघीस करायची ती तिथेच, उभ्या उभ्या. आकडा एकदा ठरला की ठरला. पैसे देताना तराजूचे भाडे किंवा पाटीचा आकार कोणी वर चढवत नाही. उलट कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन हिरव्या मिरच्या न मागता पिशवीत पडतात. तोच गिऱ्हाईक संध्याकाळी मोबाईलवर महाबळेश्वरची खोली शोधतो तेव्हा यादीत ₹२,००० दिसतात आणि पैसे भरायच्या पानावर ₹२,३३६. मधल्या ₹३३६ ना नाव असते ‘कर व शुल्क’. या एका ओळीला बराच मोठा वंश आहे, आणि त्याची एक शाखा याच मार्केटच्या आसपास फुटलेली आहे.

मार्केटची इमारत १९०६ची. सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे आली ती डिसेंबर १८८१ मध्ये, म्हणजे इमारत उभी राहिली तेव्हा त्याला पंचवीस वर्षे होत होती. नाव दिले ते खंडेराव महाराजांचे. आज त्या देखण्या दर्शनी भागात महानगरपालिकेची कचेरी आहे आणि पाठीमागे भाजी, फळे, फुले. कर वसूल करणारे आणि भाव सांगणारे एकाच आवारात बसतात, असे दुसऱ्या गावात सहसा दिसत नाही.

इमारत बांधली जात होती त्या काळात बडोदे संस्थानचे महसूलमंत्री होते रमेशचंद्र दत्त. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड लिहून ब्रिटिशांच्या करवसुलीचा हिशेब मांडणारे हेच दत्त. १८९९ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९०४ मध्ये सयाजीरावांनी त्यांना बडोद्यात आणले. त्यापूर्वी संस्थानात गावोगाव, जातीजातीवर, धंद्याधंद्यावर किरकोळ वेरे, म्हणजे कर, होते. तेल्याचा वेगळा, विणकराचा वेगळा. त्याहून आधी, सर टी. माधवराव १८७५ मध्ये दिवाण होऊन येईपर्यंत, वसुलीचे इजारे दिले जात. इजारदार सरकारात ठरलेली रक्कम भरायचा आणि रयतेकडून त्याहून किती काढायची हे स्वतः ठरवायचा. मधल्या माणसाला असा मोकळा हात मिळाला की ‘वरचे’ आपोआप वाढत जाते. दत्तांच्या काळात त्या सुट्या वेऱ्यांच्या जागी उत्पन्नावरचा एकच कर आला आणि पुष्कळ मालावरची जकात उठली. काय द्यायचे ते एका आकड्यात कळू लागले. दत्त बडोद्यातच १९०९ मध्ये वारले. अलकापुरीतल्या ज्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, त्या आर. सी. दत्त रोडवर आज शहरातली नावाजलेली हॉटेले ओळीने उभी आहेत. तिथली खोली ॲपवरून घेणाऱ्याला पुन्हा सुटे सुटे आकार मोजावे लागतात, याचे मला फार वाईट वाटते. एकदा सुटलेले कोडे आपण परत घालून घेतले आहे.

त्या काळातली आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. बडोद्याचा स्वतःचा बाबाशाही रुपया विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत चालत होता. कोणी ‘शंभर रुपये’ म्हटले की लगेच विचारावे लागे, कुठले रुपये? कारण इंग्रजी रुपयाशी बदलताना वटाव कापला जाई आणि सराफ तो आपल्या सोयीने लावी. आज परदेशी ॲपवर डॉलरमध्ये खोली घेतली की बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार लावते, वर त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. हा वटाव ॲपच्या पानावर कुठेच दिसत नाही, तो महिन्याअखेरच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात दिसतो. म्हणून परदेशातली खोली घेतानाही रुपयांतच बिल होईल अशी सोय आहे का ते पाहावे, आणि त्यासाठी ॲपने स्वतःचा दर लावला असेल तर तो बाजारातल्या दराशी ताडून मगच ‘हो’ म्हणावे.

आता मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचा पूर्वज. बाजार समितीत लिलावाचा भाव मोठ्याने पुकारला जातो, पण हातात येते ती पट्टी. तिच्यात हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे असे एकेक वजा होत जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला, रुपया किलोने. कपात झाली सुमारे ५०९ रुपयांची आणि धनादेश मिळाला २ रुपयांचा. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा झालेला विरोध पुष्कळांना आठवत असेल. आडत कोणी द्यायची हा प्रश्न दिसायला लहान, पण पट्टीत ती कोणाच्या बाजूला लिहिली जाते यावर घर चालते. हॉटेलच्या बिलातही हेच झाले आहे, फक्त वजाबाकीच्या जागी बेरीज.

हॉटेलच्या बिलात कराची वेगळी ओळ रुळली ती राज्यांच्या ऐषआराम करामुळे. गुजरातने हॉटेल आणि लॉजवर असा कर लावणारा कायदा १९७७ मध्ये केला, महाराष्ट्राने १९८७ मध्ये. गुजरातच्या कायद्याला आव्हान मिळाले आणि ‘एक्सप्रेस हॉटेल्स विरुद्ध गुजरात राज्य’ या खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कर वैध ठरवले. त्या कायद्यांची एक गोष्ट मला मोलाची वाटते. खोली करपात्र आहे का हे पाहताना वातानुकूलन, टेलिफोन, जादा पलंग यांचे आकार खोलीच्या दरातच धरले जात. हॉटेलवाल्याने भाडे कमी दाखवून बाकीचे सुटे लावले तर कर चुकेल, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. सरकारने स्वतःच्या वसुलीसाठी जो शहाणपणा दाखवला, तो गिऱ्हाइकाच्या वाट्याला यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. २०१७ मध्ये हा कर जीएसटीत विरला.

वेष्टनातल्या मालाची कथा याच्याशी समांतर आहे. जुन्या बिस्किटाच्या पुड्यावर, साबणावर किंमत असे आणि शेजारी ‘स्थानिक कर वेगळे’. दुकानदार त्या दोन-तीन शब्दांच्या आधाराने वाटेल ते वर लावी आणि गिऱ्हाइकाला पडताळायला काही साधन नसे. १९९० मध्ये नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. ‘एमआरपी’ आज शेंबडे पोरही वाचते. आपल्या बाजारात ग्राहकाच्या बाजूने झालेल्या सुधारणांमध्ये मी हिला फार वरचे स्थान देईन.

मग शुल्क कुठून आले? त्याचे मूळ विमानाच्या तिकिटात आहे. पूर्वी तिकीट विकणाऱ्या एजंटाला विमान कंपनी दलाली देई आणि प्रवाशाला तिची झळ वेगळी दिसत नसे. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने देशांतर्गत तिकिटावरच्या दलालीला ५० डॉलरची मर्यादा घातली आणि इतर कंपन्या तिच्या मागे गेल्या. आपल्याकडे २००८ च्या अखेरीस मोठ्या विमान कंपन्यांनी एजंटांची टक्केवारी बंद केली. एजंटाने आपले पोट प्रवाशाकडून भरायचे ठरवले आणि तिकिटावर व्यवहार शुल्क आले. रेल्वेच्या आयआरसीटीसीने २००२ पासून ऑनलाइन तिकिटावर असा आकार ठेवलाच होता. नोटबंदीनंतर तो माफ झाला, १ सप्टेंबर २०१९ पासून ‘सुविधा शुल्क’ म्हणून परत आला. बिगर-वातानुकूलित वर्गाला ₹१५ आणि वातानुकूलित वर्गाला ₹३०, यूपीआयने भरल्यास ₹१० आणि ₹२०. रक्कम किरकोळ वाटते, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये रेल्वेने या शुल्कातला अर्धा वाटा मागितला तेव्हा कंपनीचा शेअर इतका कोसळला की दुसऱ्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. त्या किरकोळ ओळीवर किती मोठा डोलारा उभा आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

हॉटेलच्या ॲपने एक पाऊल पुढे टाकले. विमान कंपन्यांनी दलाली बंद केली म्हणून एजंटाने शुल्क लावले, हे समजण्यासारखे होते. हॉटेले तर ॲपला दलाली देतच राहिली आणि सुविधा शुल्कही बसले. अमेरिकेत तर हॉटेलांनीच ‘रिसॉर्ट फी’ रूढ केली. पोहण्याचा तलाव, वाय-फाय, वर्तमानपत्र, वापरा न वापरा, पैसे द्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २२ हॉटेलचालकांना इशाऱ्याची पत्रे पाठवली.

हे इतके फोफावले याचे कारण लबाडीइतकेच गणितही आहे. कार्यक्रमांची तिकिटे विकणाऱ्या ‘स्टबहब’ या अमेरिकी संकेतस्थळावर अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग अभ्यासला. काही गिऱ्हाइकांना शुल्क सुरुवातीलाच दिसे, काहींना शेवटच्या पानावर. शेवटी दिसणाऱ्यांनी जवळपास २१ टक्के अधिक खर्च केला. तारखा निवडल्या, फोटो पाहिले, घरच्यांना दाखवले, प्रवाशांची नावे भरली. इतके झाल्यावर तीनशे रुपयांसाठी कोण मागे फिरतो? शिवाय जे ॲप पहिल्याच पानावर पूर्ण रक्कम सांगेल ते यादीत महाग दिसेल आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल. एकट्याने प्रामाणिक राहणे इथे परवडत नाही, म्हणून नियम सगळ्यांना एकदम लागू व्हावा लागतो.

तर ते ₹३३६ उलगडून पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. ₹२,००० च्या खोलीवर कर झाला ₹१००. उरलेले ₹२३६ कराचे नव्हेत, ते ॲपचे ₹२०० शुल्क आणि त्या शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी ₹३६. खोलीवरचा कर ५ टक्के आणि ‘सुविधे’वरचा १८! ‘कर व शुल्क’ असे एकत्र लिहिले की वाचणाऱ्याला सगळेच सरकारचे वाटते. ही पाच टक्क्यांची तोंडी आकडेमोड प्रत्येक वेळी करावी. ₹७,५०० च्या आतली खोली असेल आणि ओळीतली रक्कम भाड्याच्या विसाव्या हिश्शापेक्षा जास्त असेल, तर तिच्यात दुसरे कोणीतरी बसले आहे. त्या ओळीशेजारी बहुतेक ठिकाणी छोटेसे चिन्ह असते, त्यावर बोट ठेवले की फोड उघडते.

त्याच पानावर देणगीचे ₹१० किंवा प्रवासविम्याचे पैसे आधीच टिचकी मारून ठेवलेले असू शकतात. ते काढायचे. आधीच टिचकी मारून संमती गृहीत धरायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. कूपनच्या आनंदात शुल्क विसरू नये, कारण ₹२०० ची सूट आणि ₹२३६ चे शुल्क एकाच पानावर सुखाने नांदतात. रद्द केल्यावर भाडे परत मिळते तेव्हाही सुविधा शुल्क बहुधा परत येत नाही, ते अटींत वाचून घ्यावे.

खरा फटका मात्र कित्येकदा ॲपच्या बाहेर, हॉटेलच्या काउंटरवर बसतो. तिसऱ्या माणसाच्या गादीचे पैसे, आठ वर्षांच्या मुलाच्या नाश्त्याचे, आणि ३१ डिसेंबरला सक्तीच्या ‘गाला डिनर’चे. त्यावर उपाय जुनाच. हॉटेलला फोन करून विचारायचे, “आम्ही दोन मोठे, एक आठ वर्षांचा मुलगा. दोन रात्री. सगळे धरून किती?” आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागायचे. याच फोनवर थेट घेतल्यास काय दर पडेल तेही विचारावे. पूर्वी हॉटेलांचे हात करारांनी बांधलेले असत. दुसरीकडे कमी दराने खोली देऊ नये अशा अटींसह इतर गैरप्रकारांसाठी स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला ₹२२३.४८ कोटींचा दंड ठोठावला आणि त्या अटी काढायला सांगितल्या. जेवणाच्या बिलातली सेवाशुल्काची ओळही नाकारता येते. ती आपोआप लावता येणार नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

कायदा आता बराच पुढे आला आहे. २०२० च्या नियमांत सर्व सक्तीच्या आणि ऐच्छिक आकारांसह एकूण किंमत एका आकड्यात दाखवायला सांगितले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या रचनांचे तेरा प्रकार मना केले, त्यांत ‘ड्रिप प्रायसिंग’, म्हणजे किंमत थेंबाथेंबाने उघड करणे, नावानिशी आहे. फसगत झाली तर पहिल्या आणि शेवटच्या पानाचे स्क्रीनशॉट ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पहिले पान विसरू नका, दोन आकड्यांतला फरक त्यावरूनच सिद्ध होतो.

कमी आहे ती एका गोष्टीची. एकूण आकडा यादीच्या पहिल्याच पानावर, सगळ्यांत ठळक असला पाहिजे, असे आपल्याकडे अजून निःसंदिग्धपणे लिहिलेले नाही. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून हॉटेल आणि कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी तसा नियम लागू आहे, जिथे किंमत दिसेल तिथे सक्तीच्या शुल्कासह एकूणच सर्वांत ठळक हवी. त्याच्या थोडे आधी, एप्रिल २०२५ मध्ये, एअरबीएनबीने करांपूर्वीची पण सर्व शुल्कांसह किंमत जगभरच्या शोधयादीत दाखवायला सुरुवात केली. तंत्राची अडचण कुठेच नाही. १९९० मध्ये साबणाच्या वेष्टनावर जे छापून घेता आले, ते महाबळेश्वरच्या खोलीच्या फोटोखालीही लिहून घेता येईल, आणि ते मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.