पेन्सिल ज्याचं ऐकत नव्हती

तुमच्या फोनच्या गॅलरीत आत्ता किती फोटो आहेत? माझ्या फोनमध्ये हजारोंनी आहेत. त्यात डोंगर आहेत, मिसळ आहे, भाचीचे दात पडलेले हसू आहे आणि पार्किंगमधल्या खांबांचे नंबरही आहेत. यातलं एकही चित्र मला हाताने काढता आलं नसतं. म्हणूनच हे कळल्यावर मला गंमत वाटली की फोटोग्राफीच्या सुरुवातीला जी मोजकी माणसं उभी आहेत, त्यांतल्या एकाला चित्र काढता येत नव्हतं आणि त्याला त्याचं फार वाईट वाटायचं.

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट. जन्म १८००. इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये लेकॉक ॲबी नावाचा त्याचा वडिलोपार्जित वाडा होता, पूर्वी तो जोगिणींचा मठ होता. केंब्रिजमध्ये गणित शिकलेला, १८३१ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झालेला, पुढच्याच वर्षी पार्लमेंटमध्ये निवडून गेलेला माणूस. प्राचीन भाषा, वनस्पतिशास्त्र, प्रकाशशास्त्र, सगळीकडे त्याची बुद्धी चालायची. फक्त हात चालायचा नाही.

१८३३ च्या ऑक्टोबरमध्ये तो पत्नी कॉन्स्टन्ससोबत इटलीतल्या कोमो तलावाच्या काठी होता. प्रवासात पाहिलेल्या जागांची स्केचेस करायची, ही त्या काळच्या सुखवस्तू इंग्रजांची रीत. आपण सेल्फी काढतो तसंच. टॅलबटने आधाराला कॅमेरा लुसिडा नावाचं उपकरण घेतलं होतं. नावात कॅमेरा असला तरी तो फोटो काढत नाही. एका दांडीवर छोटासा प्रिझम बसवलेला असतो. त्यातून खाली पाहिलं की समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो आणि आपण त्यावरून फक्त पेन्सिल फिरवायची. म्हणजे जवळजवळ ट्रेसिंगच.

तेही त्याला जमलं नाही. प्रिझमवरून डोळा हटवला की कागदावर उरलेल्या रेघा पाहून तो खिन्न व्हायचा, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. ५ ऑक्टोबरला काढलेलं व्हिला मेल्झीचं त्याचं एक स्केच आजही शिल्लक आहे. झाडं कुठे आहेत ते कळतं, पण त्यात झाडपण नाही.

हे वाचताना मला शाळेतली एलिमेंटरीची परीक्षा आठवली. वस्तुचित्रातला तांब्या माझ्या कागदावर नेहमी कुणीतरी धक्का दिल्यासारखा कललेला असायचा. पुढे इंजिनिअरिंगला ड्राफ्टर हातात आला, तेव्हा इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये मात्र चांगले मार्क पडले. तिथे पट्टी होती, कोन होते, नियम होते. नियम संपतात तिथून चित्र सुरू होतं, आणि तिथेच माझा हात थांबतो. कॅमेरा लुसिडाची अडचण हीच होती. ते रेघ कुठे आहे ते दाखवतं. कुठली रेघ घ्यायची, कुठली सोडायची, कुठे हात हलका ठेवायचा, हे ते सांगत नाही.

कोमोच्या काठी टॅलबटला आणखी एक जुनं उपकरण आठवलं, कॅमेरा ऑब्स्क्युरा. काळोख्या पेटीत भिंगातून प्रकाश सोडला की मागच्या काचेवर बाहेरच्या जगाची प्रतिमा उमटते. दहा वर्षांपूर्वी त्याने तेही वापरून पाहिलं होतं आणि तिथेही हाताने घातच केला होता. आता मात्र त्याचं लक्ष प्रतिमेकडेच राहिलं. ती इतकी सुंदर असते आणि क्षणात निघून जाते. ती आपणहून कागदावर उमटून राहिली तर? मधला हातच काढून टाकला तर?

१८३४ च्या सुरुवातीला इंग्लंडला परतल्यावर त्याने प्रयोग सुरू केले. चांगला लिहायचा कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावायचं. असा कागद प्रकाशात काळा पडतो. त्यावर पान किंवा लेसचा तुकडा ठेवून उन्हात धरला की झाकलेली जागा पांढरी राहते. मीठ कमी असेल तर कागद प्रकाशाला जास्त दाद देतो, आणि भरपूर असेल तर जवळजवळ देतच नाही. म्हणून चित्र उमटल्यावर ते टिकवायलाही त्याने कडक मिठाचं पाणीच वापरलं. ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने वाड्यातल्या जाळीदार खिडकीचं चित्र अशा कागदावर घेतलं. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, पण भिंगातून पाहिलं तर खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, अशी नोंद त्याने त्याच्याशेजारी केली. यासाठी वापरलेल्या छोट्या लाकडी पेट्या घरात इकडेतिकडे पडलेल्या असत. कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची.

नंतर तो इतर कामांत गुंतला आणि जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून बातमी आली की लुई दागेर नावाच्या माणसाने प्रकाशाने चित्र उमटवलं आहे. दागेर पेशाने चित्रकार होता, नाटकांचे पडदे रंगवण्यात नावाजलेला. त्याची प्रतिमा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायची, अतिशय रेखीव, आणि एकदाच. टॅलबटच्या कागदावर मात्र उलटं चित्र यायचं, उजेड काळा आणि सावली पांढरी. त्या कागदातून दुसऱ्या कागदावर सुलट प्रती काढता यायच्या, हव्या तितक्या. त्याचा मित्र जॉन हर्शेल याने या दोन्हींना निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह ही नावं रूढ केली. पुढची जवळपास दीडशे वर्षं जगाची फोटोग्राफी मुख्यतः याच वाटेने गेली.

आमच्या क्षेत्रात ही गोष्ट फार सोयीची आहे. जमत नाही? यंत्र बनव. आता तर यंत्रही तयार आहे. चार ओळी टाइप केल्या की चित्र हजर. मीही हे करतो आणि चित्र आलं की क्षणभर छाती फुगते. मग पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीला ते दाखवायला हात धजत नाही. टॅलबटच्या शोधानंतरही काही हात रिकामे झालेच. हस्तिदंतावर इवली व्यक्तिचित्रं रंगवणाऱ्यांचा धंदा फोटोने पुढच्या काही दशकांत बसवला. ती बाजू झाकून ही गोष्ट सांगू नये.

पण टॅलबटचं पुढे काय झालं हे पाहिलं की गोष्ट इतकी सरळ राहत नाही. १८४४ ते १८४६ दरम्यान त्याने ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक सहा भागांत काढलं. त्यात २४ खरे फोटो चिकटवलेले होते. त्यातला एक आहे ‘द ओपन डोअर’. उघडं दार, चौकटीला तिरका टेकवलेला खराटा, आतला काळोख. या फोटोसोबत तो डच चित्रकारांचा दाखला देतो. रोजच्या साध्या गोष्टी त्यांनी चित्राला योग्य मानल्या, आणि इतरांना जिथे काहीच विशेष दिसत नाही तिथे चित्रकाराची नजर थबकते, असं त्याचं म्हणणं.

यंत्राने त्याला चित्र काढायला शिकवलं नाही. खराट्याची ती तिरकी सावली मात्र कुठल्या रसायनातून आली नव्हती. कुणीतरी उभं राहून, ऊन कुठे पडतंय ते पाहून खराटा तसा टेकवला होता. कोमोच्या काठी हात हरला, पण पाहणं त्याने सोडलं नाही. अकरा वर्षांनी ते दारात पोचलं.

मला चित्र येत नाही, आणि या वयात येईल असंही वाटत नाही. ती हळहळ आहे आणि ती मला घालवायची नाही. टाइप करून मिळालेलं चित्र ती दोन मिनिटांत शमवतं, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. सध्या मी रविवारी एखाद्या वस्तूसमोर बसतो, फोन बाजूला ठेवून. परवा तांब्याच घेतला होता. कागदावर तो अजूनही कलतो. पण त्याच्या गळ्याखाली खिडकीचं एक वाकडं प्रतिबिंब पडतं, ते मला आजवर दिसलंच नव्हतं.