रस्त्यावरच्या वाळूचा मालक कोण?



आजचा विषय वरवर अगदी साधा आहे. मोटारसायकलवरून माणूस चालला आहे, वेगही फार नाही. वळणावर वाळू सांडलेली आहे, किंवा खडी, किंवा ट्रकमधून पडलेली एखादी सळई. चाक घसरतं आणि माणूस पडतो. चूक कोणाची? आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: चालवणाऱ्याची. 'बघून चालवायला काय झालं होतं?' पोलिसांच्या कागदावरही बहुतेक वेळा हेच उत्तर उतरतं, फक्त भाषा वेगळी असते: 'चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले.' नियंत्रण सुटलं हे खरं असतं. कशामुळे सुटलं, हे त्या वाक्यात नसतं.

मी लखनौच्या अलीगंज भागात राहतो. ही सेक्टरवार आखलेली वस्ती आहे. जुनी बैठी घरं पाडून तीन-तीन मजले चढवण्याचं काम इथे बारा महिने चालू असतं. बांधकामाच्या जाड लाल वाळूला इकडे 'मौरंग' म्हणतात. बुंदेलखंडातल्या नद्यांमधून ती ट्रक भरभरून येते आणि रात्री घरासमोरच्या रस्त्यावर ओतली जाते. अर्धा रस्ता ढिगाखाली जातो आणि उरलेल्या अर्ध्यावर तिचा पातळ थर पसरतो. चारचाकीला त्या थराचं काही वाटत नाही. दुचाकीला तो तेलासारखा. पुण्यात, नागपुरात, बेळगावात, इंदुरात तुमच्या दारासमोरही हेच चित्र असणार. नाव तेवढं वेगळं.

मग प्रश्न असा की रस्त्यावर पडलेल्या वस्तूमुळे कोणी जखमी झाला, तर कायदा कोणाला जबाबदार धरतो? हा प्रश्न आपल्या देशात पहिल्यांदा गाजला तो एका घोड्यामुळे.

कोलकात्याच्या खिदिरपूर भागात सरकारी गोदी होती. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीचा एक नोकर दोन घोड्यांच्या गाडीतून गार्डन रीचकडून शहराकडे निघाला होता. वाट गोदीतून जात होती. सरकारी मजूर एका आगबोटीच्या धुराड्यासाठी लागणारा लोखंडाचा जड तुकडा खांद्यावर घेऊन रस्त्याच्या मधोमध चालले होते. गाडीवानाने ओरडून इशारा दिला. मजूर गडबडले. पुढचे एका बाजूला वळले, मागचे दुसऱ्या बाजूला, आणि लोखंड रस्त्यात आदळलं. त्या आवाजाने घोडे बिथरले, पुढे उधळले आणि त्याच लोखंडावर जाऊन पडले. एक घोडा जायबंदी झाला.

कंपनीने सरकारवर 350 रुपयांचा दावा लावला. सरकारचं म्हणणं होतं की राजसत्तेवर दावा चालत नाही. 1861 साली सर बार्न्स पीकॉक यांच्या न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारही करत होती आणि राज्यही. जे काम कोणताही खासगी माणूस करू शकतो, म्हणजे गोदी चालवणं, बोटी दुरुस्त करणं, त्यात नोकरांनी हयगय केली तर कंपनी भरपाईला बांधील होती. 1858 च्या कायद्याने कंपनीची देणी इंग्लंडच्या राणीच्या सरकारकडे आली, म्हणून सरकारही बांधील. जे काम केवळ राजसत्ताच करू शकते, उदाहरणार्थ युद्ध, त्यातून मात्र अशी देणी निघत नाहीत.

मंडळी, हा निकाल इतिहासात जमा झालेला नाही. आपल्या राज्यघटनेचं कलम 300 सरकारवरच्या दाव्यांबाबत आजही त्या जुन्या कायद्याकडेच बोट दाखवतं. स्वतंत्र भारतातल्या सरकारची जबाबदारी ठरवताना न्यायाधीश वर्षानुवर्षं खिदिरपूरच्या त्या लोखंडापाशी परत परत आले.

पण त्या लोखंडाला दोन टोकं होती. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला भरपाई द्यायला लावली. उदयपुरात दुरुस्तीहून परतणाऱ्या सरकारी जीपने एका पादचाऱ्याचा जीव घेतला होता. त्याच वर्षी पंजाब उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने शिमल्यात लष्करी मुख्यालयासाठी कोळसा वाहणाऱ्या फौजी ट्रकच्या अपघातात सरकारला जबाबदार धरलं. कोळसा वाहणं म्हणजे युद्ध नव्हे, हे तिथे स्पष्ट झालं. मी आयुष्य फौजेत काढलं आणि मला हा निकाल पटतो. गणवेशाने रस्त्यावरची जबाबदारी संपत नाही. उलट 1964 मध्ये मेरठच्या खटल्यात, पोलिसांनी जप्त केलेलं सोनं पोलिसांच्याच ताब्यातून गेलं, तरी पोलिसी काम हे राजसत्तेचं काम म्हणून सरकार सुटलं.

आता रस्त्याकडे येऊ. खिदिरपुरात लोखंड पाडणारे हात समोर होते. रस्ता आपोआप खराब झाला, वाळू कोणी टाकली ते कळलंच नाही, तर? इथे इंग्लंडचा एक जुना निकाल आडवा येत असे. 1788 मध्ये डेव्हन परगण्यातल्या नादुरुस्त पुलावर एकाची मालगाडी मोडली. त्याने परगण्याच्या रहिवाशांवर दावा लावला, आणि न्यायालयाने तो उडवला. एका माणसाने नुकसान सोसलेलं परवडलं, साऱ्या जनतेला त्रास नको, असा त्यातला विचार. यातूनच पुढे एक विचित्र फरक रुजला. रस्ता खात्याने काम केलं आणि वाईट केलं तर ते जबाबदार, पण कामच केलं नाही तर मोकळं! म्हणजे आळशाला सूट. इंग्लंडने ही सूट 1961 मध्ये कायदा करून काढून टाकली.

आपल्याकडे अशी सरळ तरतूद झाली नाही. न्यायालयं एकेक पाऊल टाकत गेली. दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली, तेव्हा 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेला जबाबदार धरलं. रस्त्यालगतची वास्तू कोसळते, हीच हयगयीची खूण, असं न्यायालय म्हणालं. पण 1997 मध्ये राजकोटला रस्त्याकडेचं झाड पडून एक नोकरदार मेला, तेव्हा तेच न्यायालय पालिकेला जबाबदार धरायला तयार झालं नाही. घंटाघराच्या बाबतीत भरपाई, झाडाच्या बाबतीत नाही. खड्ड्यात पडलेला दुचाकीस्वार या दोहोंच्या मधे लोंबकळत राहिला.

तिढा सुटायला सुरुवात झाली ती घटनेच्या कलम 21 मुळे, म्हणजे जगण्याच्या हक्कामुळे. ओडिशातल्या एका कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूलभूत हक्काचा भंग झाला तर राज्याला भरपाई द्यावी लागेल, राजसत्तेची ढाल तिथे चालणार नाही. हाच धागा मुंबईने रस्त्यापर्यंत आणला. 2013 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. 2015 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की सुस्थितीतला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुढे ओक कर्नाटकाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि 2019 मध्ये बंगळुरूच्या महापालिकेलाही खड्ड्यांच्या बळींना भरपाई द्यावी लागेल, असा आदेश तिथे निघाला.

मधल्या काळात माणसं मरतच होती. 2015 मध्ये मुंबईच्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर दादाराव बिल्होरे यांचा 16 वर्षांचा मुलगा दुचाकीवर मागे बसलेला असताना खड्ड्यामुळे गेला. भाजी विकणाऱ्या या बापाने मग स्वतः घमेलं घेऊन शहरातले खड्डे बुजवायला घेतले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आकडा आला: 2013 ते 2017 या पाच वर्षांत खड्ड्यांमुळे 14,926 मृत्यू. सीमेवर मरणाऱ्यांपेक्षा ही संख्या बहुधा जास्त असेल, असं न्यायालय म्हणालं. सीमेवर पडलेल्या जवानाच्या घरी पत्र जातं, तिरंगा जातो, निवृत्तिवेतन जातं. खड्ड्यात गेलेल्याच्या घरी 'नियंत्रण सुटले' हा कागद जातो.

अखेर 13 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रकमाच ठरवून दिल्या. खड्डा किंवा उघडं मॅनहोल यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. दावा पालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे मांडायचा. ही रक्कम दोषी कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. हा आदेश महाराष्ट्रातला आहे. लखनौत किंवा भोपाळात राहणाऱ्याला आपल्या उच्च न्यायालयात त्याचा आधार घेता येईल, पण आयती समिती मिळणार नाही.

आता कामाचं बोलू. पडलात, तर पहिला प्रश्न स्वतःला विचारा: ती वस्तू तिथे कोणामुळे आली?

वाहनातून पडली असेल, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. वाहनाची थेट धडक बसलीच पाहिजे, असं नाही. 1987 मध्ये सातारा जिल्ह्यात महामार्गाकडेला उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला आणि जमलेली माणसं दगावली. हा अपघातही मोटारीच्या वापरातूनच झाला, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये मान्य केलं. कायद्यात अर्जाची मुदत आता सहा महिने आहे.

कोणी ढीग टाकला असेल, तर टाकणारा जबाबदार. 1860 च्या दंडसंहितेत रस्त्यात अडथळा करण्याचा दंड होता 200 रुपये. तो 2024 मध्ये न्याय संहिता येईपर्यंत तसाच राहिला. आता कलम 285 खाली तो 5,000 पर्यंत आहे. मृत्यू झाला तर कलम 106. दिवाणी भरपाईचा दावा वेगळा.

रस्ताच सदोष असेल, तर पालिका किंवा बांधकाम खातं. इथे मुदती कडक आहेत. मुंबई महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांत. राज्य सरकारवर दावा असेल तर नोटीस दोन महिन्यांची. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. तो मात्र सरकारी निधीत जमा होतो, घरच्यांना मिळत नाही.

आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, तर दुचाकीच्या मालकासाठीचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे. पॉलिसी काढून बघा, तो घेतलेला आहे ना.

पण या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी अडतात: पुरावा. फौजेत गाडीचा अपघात झाला की चौकशी बसते, आणि तिचा पहिला कागद असतो जागेचा नकाशा. रस्ता किती रुंद, अडथळा कुठे, प्रकाश किती, चाकाच्या खुणा कुठून कुठे. कोणाला दोष द्यायचा, ते नंतर. रस्त्यावर याच्या उलट घडतं. अलीगंजात आमच्या गल्लीत एक कॉलेजचा मुलगा रात्री मौरंगवर घसरून पडला, मनगट मोडलं. सकाळी घरचे गेले तर ढीग आत ओढलेला, रस्ता झाडून स्वच्छ. फोटो कोणी काढला नव्हता. मग कोणाविरुद्ध काय सिद्ध करणार?

म्हणून जखमीला दवाखान्यात पाठवताच मागे थांबलेल्या माणसाने चार फोटो काढावेत. वस्तूचा जवळून, रस्त्याच्या रुंदीसह लांबून, समोरच्या घराचा किंवा दुकानाचा, आणि पडलेल्या गाडीचा. जवळ कॅमेरा असेल तर त्याचं चित्रीकरण जपून ठेवायला त्याच दिवशी सांगावं. डॉक्टरांना आणि पोलिसांना 'वाळूवर घसरून पडला' असं स्पष्ट लिहायला लावावं. नुसतं 'दुचाकीवरून पडला' नको.

त्याहून बरं म्हणजे कोणी पडण्याआधीच हालचाल करणं. रस्त्यावर ढीग दिसला की पालिकेकडे तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवण्याचा आदेश देऊ शकतात. त्या तक्रारीचा दुसरा उपयोग असा की उद्या कोणी पडलंच, तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं पालिकेला म्हणता येणार नाही.

1861 मध्ये जायबंदी घोड्याच्या मालकाला दाद मिळाली, कारण लोखंड कोणाच्या हातून पडलं ते कागदावर आलं होतं. तुमच्या रस्त्यावरची वाळू कोणी टाकली, तेही कागदावर येऊ द्या.