हैदराबाद सिटी पोलीस : वाटणीत न आलेला वारसा

शहराच्या नावावर संघ उभे करण्याची चाल आता चांगलीच रुळली आहे. बास्केटबॉलच्या युबीए लीगमध्ये २०१५ साली 'हैदराबाद स्काय' नावाचा संघ उतरला. पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे त्याचे भाऊबंद. २०१७ नंतर ती लीगच थांबली. मला मात्र हैदराबादचा संघ म्हटला, की फुटबॉलचा 'हैदराबाद सिटी पोलीस' आठवतो.

नांदेड-देगलूरकडच्या आम्हा लोकांच्या तोंडी 'निजामाचा पोलीस' हे शब्द कधी मायेने येत नाहीत. ज्यांच्या घरांनी रझाकारी सोसली, त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. पण सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि दोनच वर्षांनी याच शहराच्या पोलीस संघाने मुंबईत कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप जिंकला. एकदा नव्हे, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे! १८९१ पासून खेळल्या गेलेल्या त्या स्पर्धेत हा पराक्रम दुसऱ्या कोणालाही साधला नाही. १९५० मध्येच ड्युरँडच्या अंतिम सामन्यात या संघाने मोहन बागानला नमवले.

या यशामागचा माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर, आणि मैदानावरही मास्तरच. ड्रिबलिंगला बंदी असलेले सामने ते भरवीत, म्हणजे चेंडू पायाशी घोळवीत न बसता चटकन साथीदाराकडे देण्याची सवय लागे. कधी कमकुवत पायानेच खेळण्याची अट असे. चेंडूपेक्षा डोके पुढे धावले पाहिजे, हा त्यातला धडा. नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन या तालमीतून १९५२ च्या हेलसिंकी व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरला गेले, तेलंगण आंध्राशी जोडले गेले. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, रहीम यांच्या भारतीय संघाने मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. भारत चौथा आला. १९६२ मध्ये रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक मिळवले. पुढल्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, ते कर्करोगाने गेले.

पोलीस संघ पुढे 'आंध्र प्रदेश पोलीस' झाला. तुळशीदास बलराम तर १९५७ मध्येच कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले होते. हळूहळू हैदराबादचा दबदबा ओसरला. २०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला तेव्हा आमच्याकडच्या कित्येकांनी रहीम हे नाव पहिल्यांदा ऐकले.

याचेच मला वैषम्य वाटते. रोव्हर्सची ती पाच वर्षे हैदराबाद राज्याची होती, आणि तेव्हा आपणही त्याच राज्याचे रहिवासी होतो. राज्याची वाटणी झाली तेव्हा जमीन, दप्तर, नोकर सगळ्यांची मोजदाद झाली. हा वारसा मात्र कोणाच्याच यादीत चढला नाही. मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण दर सप्टेंबरला सांगतो, आणि सांगितलाच पाहिजे. त्यातली पोलिसाची काठी विसरायची नाही. पण तिच्या शेजारी, त्याच खात्यातल्या या खेळाडूंसाठीही एक पान असावे.